बराऊची मळकी टोपी

असाबेला वाचता यायचं, पण कसं यायचं ते आधी सांगायला हवं. नायजेरियातल्या कानोच्या जुन्या गावात, दाला टेकडीच्या पाठीमागं, सरकारनं एकदा बायकांसाठी वर्ग काढला होता. कडुलिंबाखाली फळा, समोर चटया. सहा महिने चालला. मग बाईंची बदली झाली, फळा कुणीतरी शेळ्यांच्या गोठ्याला दार म्हणून लावला, आणि असाबेचं शिक्षण आटोपलं. जाताना बाईंनी तिला बक्षीस म्हणून मलेरियाची एक पुस्तिका दिली. वर डासाचं चित्र, चांगलं कोंबडीएवढं. तेवढ्या विद्येवर तिनं पुढं आख्खी गल्ली नादाला लावली.

ती वाचायची बोट ठेवून. एक ओळ आधी ओठांतल्या ओठांत, अडखळत, दाताखाली खडा आल्यासारखं तोंड करून. मग मान वर करायची आणि तीच ओळ घडाघडा सांगायची, हात हलवून, आवाज बदलून. म्हणजे वाचणं थोडं आणि सांगणंच फार. पुस्तकात काय होतं आणि असाबेनं पदरचं काय घातलं, हे ऐकणाऱ्याला कधी कळलं नाही, आणि कुणी विचारलंही नाही.

नवरा गेल्यावर ती भावाकडं राहायला आली होती. तिचा नवरा विहिरी खणायचा. मूलबाळ नव्हतं. भाऊ मालम इनुवा, पोरांना कुराण शिकवणारा माणूस, बोलायला कंजूस. दिवसातून दहा शब्द, त्यातले चार सलामाचे. असाबे टोप्या भरायची. सुईनं बारीक भोकं पाडायची आणि भोवतीनं रेशीम फिरवायची. एका टोपीचं काम तीन महिने चाले. हात कामात असले की कान रिकामे राहतात, म्हणून दुपारी पुरुष बाजारात गेले की शेजारच्या बायका मागच्या मातीच्या भिंतीला पडलेल्या फटीतून एकेक करून आत यायच्या. बाईमाणसानं भर दिवसा रस्त्यावर फिरायची रीत आमच्यात नाही. ती फट मालम इनुवानं पंधरा वर्षांत लिंपली नाही. दर पावसाळ्याआधी म्हणायचा, "यंदा बघू."

कुर्मी बाजारात तेव्हा प्रेमाच्या गोष्टींची पातळ पुस्तकं यायला लागली होती. एक गोष्ट दोन-तीन भागांत तोडून विकायची. पहिला भाग घेतला की अडकलात. असाबेनं असंच एक आणवलं. त्यात बराऊ नावाचा एक पोरगा, टोप्या धुणारा. रकिया नावाच्या मुलीसाठी तो रोज संध्याकाळी तिच्या घराच्या देवडीत यायचा, आतल्या पोराकडून निरोप धाडायचा, ती बाहेर आली की भिंतीला टेकून उभा राहायचा, आणि त्याच्या तोंडून शब्द फुटायचा नाही. नुसती टोपी काढायचा आणि हातात फिरवत बसायचा. बाकी पुस्तकातले नवरदेव काय बोलतात! नाइजर नदीला पूर आल्यासारखे. हा मुका. बायकांना तोच आवडला.

"माझ्या घरधन्यानं अशीच टोपी फिरवली होती गं," असाबेची वहिनी देलू म्हणाली, आणि मग पदरात तोंड खुपसून हसत बसली. चार पोरांची आई, पण लाजली.

आमच्यात बायकोनं नवऱ्याचं नाव घ्यायचं नसतं. पहिल्या लेकराचंही घ्यायचं नसतं, त्याचं कौतुक करायचं नसतं, चारचौघांत त्याच्याशी गोड बोलायचं नसतं. तर बायका म्हणायच्या "घरधनी", "पोरांचे बाबा", नाहीतर नुसतंच "तो". आता पाच जणी बसल्या आणि पाचही जणींचा "तो" निघाला, तर कुणाचा कोणता, कसं कळावं? म्हणून आधी चेष्टेत सुरू झालं. "माझ्या बराऊला काल गोरखचिंचेच्या पाल्याची आमटी खारट लागली." "आणि माझा बराऊ घोरतो, भात कांडायच्या यंत्रासारखा." तोंडाला एक नाव मिळालं. नाव घेतल्याचं समाधान, आणि घेतल्याचा दोष नाही.

मग ते भिंतीच्या फटीतून पलीकडं गेलं. त्या गल्लीतून पुढच्या गल्लीत. लग्नाआधीच्या पोरींनी उचललं. संध्याकाळी देवडीत उभा राहणारा प्रत्येक पोरगा बराऊ झाला. "अगं उठ, तोंड धू, तुझा बराऊ आलाय." विहिरीजवळच्या ज्या कडुलिंबाखाली पोरं ताटकळत उभी राहायची, तो बराऊंचा लिंब झाला. असाबेच्या देवडीला लागून राहणाऱ्या कुलू आजीचा बोकड दुसऱ्यांच्या शेळ्यांमागं गेला, तर आजी काठी घेऊन दारातून ओरडली, "मेल्या बराऊ! घरी ये!" वर्षभरात असं झालं की ज्यांनी पुस्तक पाहिलंही नव्हतं त्या बायकाही हा शब्द मीठ म्हणावं इतक्या सहज म्हणायला लागल्या.

पण दुसऱ्या भागाच्या शेवटी बराऊ ट्रकमध्ये बसून दक्षिणेला, कोला फळांच्या मुलखात, कमवायला निघून गेला, आणि पुस्तक तिथं थांबलं. असाबेनं तिसऱ्या भागासाठी बाजारात निरोप धाडला. दुकानदारानं कळवलं, लिहिणाऱ्या बाईला जुळं झालंय, आता आशा धरू नका.

महिना गेला, दोन गेले. थंडीचा वाळवंटी वारा सुटला, सगळ्यांच्या भुवया धुरळ्यानं पांढऱ्या झाल्या, आणि कुलू आजी तापानं पडली. ऐंशीच्या घरातली म्हातारी, कुणी धरलं नव्हतं की उठेल. असाबे तिला बाजरीची पेज पाजायला गेली, तर म्हातारीनं तिचं मनगट धरलं.

"असाबे, खरं सांग. तो परत येतो का?"

"कोण, आजी? मुलगा ना? तो येतोय, निघालाय झारियाहून."

"त्या गाढवाला काय करू! बराऊ येतो का ते सांग. मला वर जाऊन नुसतं वाट बघत बसायचं नाही."

असाबे घरी आली. पेटीतून मलेरियाची पुस्तिका काढली, डासावर टोपीचं कोरं कापड गुंडाळलं, आणि दुसऱ्या दिवशी आजीच्या खाटेशी बसून म्हणाली, "तिसरा भाग आला."

चार दुपारी तिनं तो 'वाचला'. बोट ठेवून, अडखळत, जशी नेहमी वाचायची तशी. त्यात बराऊला लिहिता येत नव्हतं, म्हणून तो पत्र पाठवीत नसे. ट्रकवाल्याबरोबर डोक्यावरची मळकी टोपी पाठवायचा. टोपी मळकी आहे म्हणजे डोकं जाग्यावर आहे, घाम येतोय म्हणजे काम आहे. रकिया ती उशाशी घेऊन निजायची. शेवटी एक टोपी तिच्या बापाच्या हाती लागली. बापानं काही विचारलं नाही. ती धुवायला टाकली, खळ करून आणली, आणि शुक्रवारी स्वतःच्या डोक्यावर घालून नमाजाला गेला. म्हणजे होकारच. पुढच्या महिन्यात बराऊ आला.

ऐकणाऱ्या बायका रडल्या, हसल्या, पुन्हा रडल्या. दुसऱ्या दिवशी मालम इनुवा बाहेर पडताना दारात थबकला. "आवाज बसलाय का तुझा?" त्यानं बहिणीला विचारलं. "काल नीट ऐकू आलं नाही." आणि उत्तराला न थांबता गेला. असाबेनं ते फारसं मनावर घेतलं नाही.

कुलू आजी मात्र उठली. पाचव्या दिवशी तिनं चवळीचे वडे मागितले. त्यानंतर दहा वर्षं जगली. एका थापेनं म्हातारी वाचली आणि असाबे अडकली.

कारण घरात हन्साई होती. मालम इनुवाची थोरली. पहिलं लेकरू, म्हणून देलूनं तिला जन्मात नावानं हाक मारली नव्हती. "ती आतली", "अगं ए", एवढंच. आईच्या मनात माया होती, पण ती दाखवायची सोय नव्हती. म्हणून पोरीचं सगळं हितगुज आत्याशी. हन्साईकडं संध्याकाळी गम्बो यायचा, कांद्याच्या ट्रकवर हमाली करणारा. उंच, सरळ, आणि बोलण्यात पुस्तकातल्या बराऊचा सख्खा भाऊ.

"काय बोलतो गं तुझा बराऊ एवढा वेळ?" असाबे विचारायची.

"सलाम म्हणतो."

"आणि?"

"जाताना पण म्हणतो."

"मग मधे काय करता?"

"मी सांगते ना, आत्या. तू दुपारी वाचतेस ते सगळं संध्याकाळी मी त्याला सांगते."

कांदे निघाले तसा गम्बोही ट्रकवर बसून त्याच कोलाच्या मुलखात, कुमासीला गेला. म्हणाला, लग्नाचं सामान जमलं की येतो. तो वळणाआड होतो न होतो, तोच अल्हाजी मुदीचा माणूस निरोप घेऊन आला. मुदीचं चिनीमातीचा मुलामा दिलेल्या भांड्यांचं दुकान. माणूस वाईट नव्हता, दोन बायका सुखात होत्या, तिसरीला जागा होती. नवरीसाठी कपड्यांच्या पेट्या भरून तयार आहेत म्हणे, एकदोन नाहीत, बारा. मालम इनुवानं ऐकून घेतलं, दाढी कुरवाळली आणि सांगितलं, "भुईमूग निघेपर्यंत थांबू."

हन्साईनं आत्याला सांगितलं, "मी थांबणार. तो येणार. तिसऱ्या भागात आलाच ना?"

असाबेच्या हातातली सुई थेट बोटात गेली. पोरगी बारा पेट्या लाथाडून बसली होती, आणि कशाच्या जोरावर? डासाच्या! त्या दिवसापासून असाबेला अन्न गोड लागेना. खरं सांगावं तर पोरीचा धीर सुटणार. न सांगावं आणि गम्बो आलाच नाही, तर तिचं आयुष्य आपल्या थापेपायी वाया जाणार. ती टोपी भरायची, उसवायची, पुन्हा भरायची. पावसाळा लागला तरी तीच टोपी हातात.

आणि मग एका दुपारी वेण्या घालणारी लादिदी फटीतून आत शिरली, आडवी होऊन, कारण अंगानं भरलेली. हातात पुस्तक. "तिसरा भाग!" ती म्हणाली. "जुळी चालायला लागली, बाईनं लिहिलं. माझ्या लेकानं रात्री वाचून दाखवलं. अगं, तो मेला परत येतच नाही! तिकडं एका कोलावालीशी लग्न लावतो. रकिया झुरते, मग बाप देईल तिथं जाते."

सगळ्या पुस्तकावर वाकल्या. मग कुलू आजी, तीच ती मरता मरता उठलेली, काठी आपटून म्हणाली, "नकली आहे!"

"आजी, छापलेलं आहे!"

"छापलेलं काय सांगतेस? कुर्मीत अत्तर नकली, तापाच्या गोळ्या नकली. मला त्या गोळ्यांनी काय झालं? काही नाही. बराऊ आला म्हणून मी उठले."

"म्हणजे मी नकली माल आणते?" लादिदी कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "तीस वर्षं तुमच्या डोक्यांना हात लावतेय, एक केस कधी खोटा लावला नाही!"

"लावलास. देलूच्या लग्नात."

"ती लोकर होती, आणि सांगून लावली होती!"

देलूनं शेवटी दोघींना बसवलं. "भांडता कशाला? वाचणारी घरात आहे. असाबेकडं हाही भाग द्या, तीच सांगेल दोन्हींत खरा कोणता." सगळ्यांनी असाबेकडं पाहिलं. हन्साई चुलीजवळ कांडत होती. तिनं मान वर केली नाही, पण कांडण थांबलं.

असाबे म्हणाली, "उद्या सांगते."

त्या संध्याकाळी दिवेलागणीपर्यंत तिनं सगळं पुस्तक वाचून काढलं, पदरचं एक अक्षर न घालता. वाईट लिहिलं नव्हतं. असं होतं जगात, पोरं जातात ती तिकडचीच होतात. पण नकली म्हटलं तर लादिदी उगाच खोटी ठरत होती, जिनं असाबेच्याच नवऱ्याच्या मयताला तीन दिवस घरचं रांधून आणलं होतं. आणि खरं म्हटलं तर हन्साई.

दुसऱ्या दिवशी फटीतून रांग लागली. दुसऱ्या गल्लीतल्याही आल्या. असाबेनं पेटी उघडली, पुस्तिकेवरचं कापड सोडलं आणि डास सगळ्यांसमोर ठेवला.

"लादिदीचं पुस्तक खरं आहे," ती म्हणाली. "माझा तिसरा भाग हा. यात 'डबक्यात पाणी साठू देऊ नका' असं लिहिलंय. बाकी सगळं मी सांगितलं. हन्साई, तुझ्या आत्यानं तुला फसवलं. आता तुला काय करायचं ते तू ठरव."

एक कोंबडी मधून चालत गेली. मग लादिदी पुढं झाली, तिनं पुस्तिका उचलली, डासाकडं नीट निरखून पाहिलं आणि म्हणाली, "बाई गं, मी रडले होते याला बघून."

एकदम सगळ्या हसत सुटल्या. कुलू आजीला ठसका लागला. ठसका थांबल्यावर तिनं विचारलं, "मग ती टोपीची गोष्ट? ती कुठून आणलीस? ती काही डासानं सांगितली नाही."

असाबे पायाच्या अंगठ्यानं मातीत रेघा ओढत होती. "माझ्या घरची," ती म्हणाली. "तो विहिरी खणायला जायचा. तीन-तीन महिने. लिहिता येत नव्हतं. येणाऱ्या-जाणाऱ्याजवळ टोपी द्यायचा, धुवायला म्हणून. चिखलानं भरलेली. मी ती लगेच धुवायचीच नाही."

आता कुणी हसलं नाही. त्याचं नाव तिनं तेव्हाही घेतलं नाही. जिवंतपणी घेतलं नव्हतं आणि मेल्यावर सवय नव्हती. इथंही ते नाव लिहिलेलं नाही, तिला आवडलं नसतं.

"तर मग," देलू हळूच म्हणाली, "आपण एवढे दिवस बराऊ बराऊ म्हणतो, तो तुझाच की."

हन्साई उठून आत गेली. असाबेला वाटलं, गेली पोरगी, आता बोलणार नाही. तेवढ्यात ती परत आली. हातात एक टोपी होती, घामानं कडा पिवळी पडलेली, वर कांद्याची साल चिकटलेली. ती तिनं आत्याच्या मांडीवर ठेवली.

"दुसरी आहे," ती म्हणाली. "पहिली पावसाच्या आधी आली. ट्रकवाल्यानं देवडीत दिली. नुसती. निरोप नाही, काही नाही."

"आणि तू बोलली नाहीस?"

"तिसऱ्या भागात रकिया कुणाला सांगते का?" पोरगी आत्याकडं बघत म्हणाली. "ते पुस्तकात असो की नसो, आत्या. त्याला मी सांगितलं आणि त्यानं ते केलं. दुसऱ्या कुणी केलं?"

बायकांनी ती टोपी हातोहात फिरवली. एकीनं वास घेतला. "कांदा," ती म्हणाली. "काम आहे बरं का पोराला." देलूच्या हातात आली तेव्हा तिनं ती जरा जास्तच वेळ धरली. पोरीशी गोड बोलायचं नव्हतं, म्हणून टोपीवरचीच साल नखानं काढत बसली.

दर मंगळवारी टोप्या धुणारा यायचा आणि देवडीतून मालम इनुवाच्या टोप्या न्यायचा. पाच असायच्या. त्या मंगळवारी गाठोड्यात सहा होत्या. कुणी घातली सहावी? असाबे म्हणायची, मी नाही. हन्साई म्हणायची, मी कशाला घालू. देलू तर विषयच बदलायची. गुरुवारी टोप्या खळ करून, मडक्यावर वाळवून, ताठ होऊन परत आल्या आणि देवडीतल्या खुंट्यांवर रांगेनं टांगल्या गेल्या.

शुक्रवारी मालम इनुवानं आंघोळ केली, पांढरा झगा घातला, सुरमा लावला. बायका आत भिंतीला चिकटून उभ्या होत्या. देवडीतून बराच वेळ काही आवाज आला नाही. मग दार वाजलं. देलूनं फडक्याच्या पडद्याआडून डोळा लावला.

मालम इनुवा रस्त्यात उभा होता. डोक्यावर सहावी टोपी. त्याला ती लहान होत होती, कानांच्या जरा वरच राहिली होती, कारण गम्बोचं डोकं बारीक. त्यानं दोन्ही हातांनी ती जराशी खाली ओढली आणि सगळ्या गल्लीला दिसेल अशा चालीनं, सावकाश, मशिदीकडं निघाला. कडुलिंबाखालची पोरं उठून उभी राहिली. अल्हाजी मुदीचं दुकान वाटेतच होतं. घरच्या बायकांकडून गोष्ट त्याच्याही कानावर आली होती. त्यानं टोपी पाहिली, सलाम केला, आणि शहाणा माणूस, त्यानंतर पेट्यांची गोष्ट काढली नाही.

"त्याला कसं कळलं?" असाबे पुटपुटली. "हे त्याला कुणी सांगितलं?"

"अगं, दुपारी देवडीत पाठ टेकून कोण बसतं?" देलू म्हणाली. "भिंत केवढीशी! पंधरा वर्षं त्यानं ती फट का नाही लिंपली, असं वाटतं तुला?" आणि मग तिच्या तोंडून, वीस वर्षांत पहिल्यांदा, चेष्टेशिवाय, नवऱ्यासाठी नावासारखं नाव निघालं. "बघ, बघ, कसा चाललाय माझा बराऊ."

गम्बो भुईमूग निघायच्या आठ दिवस आधी आला. सलाम म्हणाला. लग्नात हन्साईच्या पेट्या तीनच होत्या, पण तिसरीत वर एक टोपी होती, असाबेनं भरलेली. पावसाळाभर उसवून उसवून तिची वीण इतकी घट्ट झाली होती की गम्बोच्या मुलानंही पुढं ती घातली.

आता दालाच्या पाठीमागं कुणालाही विचारा, ते पुस्तक कुणाला आठवत नाही. पुस्तकातला बराऊ परत आला नव्हता, हेही माहीत नाही. पोरींच्या हातात फोन आहेत, तरी संध्याकाळ झाली की कुठल्यातरी घरातून हाक येतेच, "अगं, तुझा बराऊ आलाय, टोपी फिरवत उभा आहे." असाबे होती तोवर ती हाक ऐकली की सुई थांबवायची, जरा कान द्यायची, आणि पुन्हा टोपी भरायला लागायची.